बंद करताना मरणारं मशीन

कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर लोक मला सकाळी अंगावर पाणी पडायच्या आत फोन करतात. बंद होताना त्रास देत असेल तर कुणी करत नाही. संध्याकाळी खांद्याला पर्स लागलेली असते, अर्धं लक्ष घड्याळात असतं. बंद व्हायला नखरे करणाऱ्या मशीनची पिन सरळ उपटतात आणि निघतात. सकाळी ते मुकाट सुरू होतं, मग आदल्या संध्याकाळचं कोण आठवत बसतंय? असं करत करत महिना-दोन महिने जातात. एक दिवस फाइल उघडत नाही, आणि माझा फोन वाजतो. "मॅडम, अचानक झालं हो." अचानक काहीच झालेलं नसतं. रोज संध्याकाळी थोडं थोडं होत असतं, फक्त बघायला कुणी थांबलेलं नसतं.

मी गोवंडीची. वडील रंगारी. मुंबईतल्या निम्म्या उपनगरांच्या भिंतींना त्यांचा हात लागलाय. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बीएस्सी आयटीची माझी डिग्री वडिलांनी फ्रेम करून स्वतः रंगवलेल्या भिंतीवर लावली, आणि ती तिरकी होते म्हणून अजून दर रविवारी सरळ करतात. नोकरी करून बघितली, जमली नाही. गेली बरीच वर्षं माझा स्वतःचा धंदा आहे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली इथल्या छोट्या ऑफिसांना कॉम्प्युटर जोडून देणं आणि त्यांची वर्षभर देखभाल. हत्यारांची बॅग माझीच, ती उचलायला माणूस नाही. बोरिवलीच्या एका घरी दार उघडणाऱ्या गृहस्थांनी माझ्या मागे जिन्यात डोकावून विचारलं होतं, "इंजिनिअर खाली गाडी लावतोय का?" मी म्हटलं, "नाही, इंजिनिअर चपला काढतेय." त्यांच्याकडे आज इतकी वर्षं मीच जाते.

त्यांचंच उदाहरण देते, म्हणजे बंद करण्याचा प्रकार काय असतो ते कळेल. त्यांची तक्रार होती की मी कॉम्प्युटर बंद करतो आणि तो पुन्हा उठून बसतो. "माझ्यासारखंच झालंय त्याचं," म्हणाले, "पडलो की जाग येते." आता कॉम्प्युटर बंद करणं म्हणजे पंख्याचं बटण खाली करणं नाही. ते वाण्यानं दुकान वाढवण्यासारखं आहे. बाहेर टांगलेला माल आत घ्यायचा, उघडी पोती बांधायची, गल्ला मोजायचा, नोकरांना घरी सोडायचं, आणि मगच शटर ओढायचं. कॉम्प्युटरही तसाच प्रत्येक चालू कामाला विचारतो, झालं का तुझं? सगळ्यांनी हो म्हटलं की वीज सोडतो. या गृहस्थांच्या मशीनमध्ये एका जुन्या स्कॅनरचा प्रोग्राम राहून गेला होता. स्कॅनर त्यांनी कधीच भाच्याला देऊन टाकलेला. रोज बंद करताना मशीन त्या प्रोग्रामला विचारायचं, तो बिचारा नसलेल्या स्कॅनरला शोधायचा, सापडायचा नाही, आणि सगळं कोसळायचं. कोसळलं की आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय असते, म्हणून ते उठून बसायचं. मी प्रोग्राम काढला, काम झालं. गृहस्थ मात्र हादरून खुर्चीत बसले. "म्हणजे जी वस्तू घरातच नाही, तिच्यामुळे?" असं त्यांनी मला दोनदा विचारलं.

हा झाला सोपा प्रकार. ज्याच्याविषयी मला लिहायचं आहे, तो इतका सोपा नव्हता. पण त्याआधी माझ्या कामाचा एक नियम सांगायला हवा.

धंद्याच्या सुरुवातीला मुलुंडच्या एका ऑफिसात मी मशीनची साफसफाई करत होते. ऑफिस घरातच होतं. कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, त्यावर धूळ बसून त्याचा चिखल झालेला. मी स्पिरिटच्या फडक्यानं सगळं लख्ख पुसलं. मालकाच्या आई आतून आल्या, पुसलेल्या जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडल्या नाहीत. शांतपणे विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं, कांबळे. त्या आत गेल्या, कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत तिथे नवीन स्वस्तिक काढलं. नंतर चहा आला. मालकाचा कपबशीत, माझा कागदी ग्लासात. मी तो प्यायले नाही आणि त्या ऑफिसचं काम सोडलंही नाही. पण त्या दिवसापासून नियम केला. मशीनवर देवाधर्माचं काही लावलेलं असेल तर त्याला आपण बोट लावायचं नाही. ब्रश त्याच्या कडेकडेनं फिरवायचा. आम्ही बौद्ध, आमच्या घरी हे नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांचं त्यांच्यापाशी.

आता अंधेरीची गोष्ट.

एमआयडीसीतल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर परब साहेबांचा गाळा आहे. औषधांच्या बाटल्यांवर चिकटवायची लेबलं छापतात. गाळ्यात खाली छपाईची यंत्रं धडधडत असतात, पोटमाळ्यावर काचेची केबिन, तिथे कॉम्प्युटर. कुठल्या कंपनीचं कुठलं लेबल, त्यावर कुठला मजकूर, सगळ्या फाइली त्या एका मशीनमध्ये. साहेब मालवणचे. साठीचे, सरळ, देवभोळे, बोलण्यात फटकळ. स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. म्हणायचे, "माका त्यातला काय्येक कळत नाय, म्हणून तर निर्मलाक ठेवलंय." निर्मला मॅडम म्हणजे त्यांच्या ऑफिसातल्या एकुलत्या एक बाई. पन्नाशीच्या, विधवा, घाटकोपरला राहायच्या. लेबलांच्या फाइली, बिलं, फोन, सगळं त्याच बघायच्या. मशीनबद्दल विचारावं तेवढंच बोलायच्या, पण चहा मात्र मला विचारून, बिनसाखरेचा, स्टीलच्या पेल्यात द्यायच्या, त्यांच्या पेल्यासारख्याच.

गेल्या वर्षी साहेबांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर नवीन मशीन घ्यायचं ठरवलं. मीच जोडून दिलं. एकेक भाग निवडून घेतला होता. अभिमानानं सांगते, माझ्या हातचं मशीन सहसा परत येत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी खालच्या यंत्रांसोबत त्याचीही साग्रसंगीत पूजा केली. हार घातला, नारळ फोडून पाण्याचे शिंतोडे उडवले, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. कुंकू बरोबर पॉवरच्या बटणावर लावलं होतं, कारण समोरून बघितलं तर कॅबिनेटवर गोल, कपाळासारखी जागा तेवढी एकच आहे.

मग साहेबांचा फोन आला. नवीन मशीन संध्याकाळी बंद करताना मरतं. बंद होतोय असं लिहून येतं आणि मध्येच सगळं काळं. सकाळी सुरू होताना तक्रार करतं की काल मला नीट बंद केलं नाहीत. मी गेले. दुपारची वेळ, मशीन चालू होतं. मॅडमना उठवून त्यांच्या खुर्चीत बसले. मेमरी तपासली, डिस्क तपासली, वीजपुरवठा तपासला. धूळ बसायला वेळच झाला नव्हता, तरी ब्रश फिरवला, कुंकवाच्या कडेकडेनं. मग माउसनं, आम्ही करतो तसं, पडद्यावरून बंद करून बघितलं. व्यवस्थित बंद झालं. पुन्हा चालू करायला मॅडमनीच बटण दाबलं, सकाळी दोन-तीनदा दाबावं लागतं असं काहीतरी म्हणाल्या, मी तेव्हा खाली वाकून वायर बघत होते. पुन्हा बंद केलं, पुन्हा व्यवस्थित. मी साहेबांना म्हटलं, "मशीन ठीक आहे."

साहेबांनी फक्त मॅडमकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला नंतर कळला. मॅडमची मुलगी कऱ्हाडला दिलेली, तिचं पहिलं बाळंतपण. त्यांनी दसऱ्याच्या आसपासच महिनाभर सुट्टी मागितली होती. साहेबांनी नाही म्हटलं. दिवाळीच्या आधी कामाचा रेटा असतो, महिनाभर कोण सांभाळणार? आणि सुट्टी नाकारली त्याच आठवड्यापासून मशीन मरायला लागलं. तेही फक्त संध्याकाळी, फक्त मॅडम बंद करतात तेव्हा. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या, सुट्टी नाकारली होती आणि नवीन मशीन आलं होतं. मशीन तर नवं, पूजा केलेलं. साहेबांचा संशय गेला माणसावर.

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा साहेब तापलेले होते. आदल्या संध्याकाळी मशीन असंच मेलं, त्यात एका औषधाच्या लेबलाची फाइल फाटली. फाटली म्हणजे आतला नवीन मजकूर गेला, जुनाच राहिला. सकाळी घाईत तीच छापली गेली आणि कंपनीनं सगळा माल परत पाठवला. औषधाच्या लेबलावर चुकीचा मजकूर म्हणजे चेष्टा नाही. साहेब म्हणाले, "कांबळे मॅडम, आज मला पक्कं काय ते हवंय."

मी पक्कं शोधायचं ठरवलं. मशीन स्वतःच्या घडामोडींची नोंद आतल्या आत ठेवत असतं. कधी सुरू झालं, कधी बंद झालं, कशानं पडलं. प्रोग्राममुळे कोसळलं तर नोंदीत एक संकेतांक येतो. तो इथे नव्हता. वीज गेली असती तर बाकीच्या यंत्रांनाही झटका बसला असता, तसंही नव्हतं. काही मशीनांत आणखी एक बारीक नोंद असते, आणि ती इथे होती. ती काय ते सांगते. पॉवरचं बटण एकदा दाबून सोडलं तर कॉम्प्युटर रीतसर बंद होतो; पण तो पार अडकला, काही ऐकेनासा झाला, तर तेच बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं. मशीन हातातलं काम टाकून जागच्या जागी मरतं. गळा आवळल्यासारखं. ही शेवटची सोय असते. आणि नोंद सांगत होती की रोज संध्याकाळी, मशीन बंद होत असताना, कुणीतरी बटण दाबून धरलेलं आहे.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. माझं मशीन निर्दोष होतं. मी पडदा साहेबांकडे वळवला, ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या कामाच्या आवाजात सांगितलं, "बटण दाबून धरलं जातंय."

निर्मला मॅडम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी नाही धरत. मी एकदा दाबते आणि सोडते."

साहेब मला म्हणाले, "म्हणजे मशीन खोटं बोलतंय?"

आणि मी म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, साहेब."

हे वाक्य मी याआधी शंभर ठिकाणी बोलले असेन. लोकांना आवडतं, आपला रुबाबही राहतो. तेव्हा मला एवढंच वाटलं की मॅडमना सवय नसेल, नकळत बोट राहत असेल. जाताना मी त्यांना म्हटलंसुद्धा, "मॅडम, जरा हलक्या हातानं." त्या मान हलवून हो म्हणाल्या.

दिवाळीच्या तोंडावर साहेबांचा तिसरा फोन आला. आवाज थंड होता. या, पासवर्ड बदलून द्या, सगळ्या फाइलींची एक प्रत वेगळी काढून ठेवा, एक तारखेपासून नवीन बाई येतेय. मी विचारलं, निर्मला मॅडम? ते म्हणाले, "तिनं कबूल केलंय."

मी रिक्षात होते. फोन कानाला तसाच राहिला. रिक्षावाल्यानं वळून विचारलं, मॅडम, लेफ्ट की राइट, तेव्हा मी तो खाली घेतला. माझ्या कामात माणसं वैतागतात, रडतात, माझ्यावर ओरडतात. कुणी कबूल करत नाही. कॉम्प्युटरच्या बिघाडात कबूल करण्यासारखं असतंच काय?

पोचले तर त्या केबिनमध्येच होत्या. टेबल आवरलेलं, डबा धुऊन पालथा घातलेला. साहेब समोर बसले होते आणि मला सांगत होते, मॅडम ऐकत असताना, त्या तिथे नसल्यासारखं. सुट्टी दिली नाही म्हणून राग काढला. अमुक इतकी वर्षं मीठ खाल्लं या जागेचं. मी आधी विचारलं तर नाही नाही म्हणाली, मग नोंद दाखवली तुम्ही दाखवलेली, तेव्हा म्हणाली, असेल साहेब, मीच करत असेन, चुकलं माझं. पोलिसात देत नाही हेच पुष्कळ.

मी मॅडमकडे बघितलं. त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या.

मी कामाला लागले. फाइलींची प्रत काढली. ते होईपर्यंत खालची यंत्रं धडधडत होती. काम झालं आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवेना. मी उठले. उठताना सहज तोंडातून गेलं, "मॅडम, रोजच्यासारखं बंद करा."

त्या आल्या, खुर्चीत बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच वाकल्या आणि करंगळीच्या नखानं बटणाच्या खालच्या कडेला, कुंकू जिथे संपतं तिथे, अगदी हळूच दाबलं. जसं आपण झोपलेल्या मुलाच्या कपाळावरची तीट पुसली जाऊ नये म्हणून जपून हात लावतो तसं. आणि हात काढून घेतला.

पडद्यावर आलं, बंद होत आहे. मॅडमनी खुर्चीवरची पर्स उचलली, खांद्याला लावली. आणि पडदा काळा झाला. पंखे एकदम थांबले. मशीन मेलं.

त्यांचा हात पर्सच्या पट्ट्यावर होता.

मी बटणाकडे बघितलं. ते आत गेलेलं होतं, खालच्या बाजूनं तिरकं, आणि बाहेर आलेलंच नव्हतं. बोट केव्हाच निघून गेलं होतं, आणि बटण दाबलेलंच होतं. दाबून धरलेलं. नोंद खरी होती, मशीन खोटं बोललं नव्हतं, आणि या बाईनंही नाही.

साहेब म्हणाले, "बघितलंत? आत्ताही केलं. तुमच्यासमोर."

त्यांनीही तेच बघितलं होतं जे मी बघितलं. त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. मला हे अजून पचत नाही.

मी म्हटलं, "साहेब, त्यांचा हात कुठे होता?"

ते म्हणाले, "म्हणजे काय?"

मी त्यांना टेबलाच्या या बाजूला यायला सांगितलं. बटण दाखवलं. वर वाळलेल्या कुंकवाचा थर, त्याच्या तळाशी फटीत लाल झालेलं काहीतरी रुतलेलं. मी म्हटलं, हे पुसायला लागेल, मग झाकण काढून आत बघते. साहेब म्हणाले, देवाचं आहे ते. मी म्हटलं, "म्हणूनच मी इतके दिवस हात लावला नाही, आणि आजही लावणार नाही. तुम्ही लावलंय, तुम्ही पुसा."

माझा आवाज चढला असावा, कारण खालचा माणूस जिन्यातून वर बघून गेला. साहेबांनी खिशातून रुमाल काढला. आधी नमस्कार केला, मग रुमालाचं टोक पाण्यात भिजवून कुंकू पुसलं. ते सहज निघेना. नारळाचं पाणी गोड असतं, ते कुंकवात मिसळून सुकलं होतं, पाकासारखं चिवट. मग मी पुढचं झाकण काढलं. बटणाच्या खालच्या फटीत तांदळाचा एक दाणा होता. अक्षतेचा. बटण मधोमध दाबलं असतं तर सरळ आत गेलं असतं आणि स्प्रिंगनं सरळ बाहेर आलं असतं. पण मधोमध देव होता. म्हणून ही बाई रोज कडेला दाबायची, बटण तिरकं व्हायचं आणि त्या दाण्यावर अडकून बसायचं. सकाळीसुद्धा मशीन सुरू करायला दोन-तीनदा दाबावं लागायचं, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, पण धरलं नव्हतं.

मी मॅडमना विचारलं, कडेला का दाबता? त्या म्हणाल्या, "साहेबांना कुंकू विस्कटलेलं आवडत नाही."

साहेबांनी तो दाणा माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकावरून आपल्या तळहातावर घेतला. खूप वेळ बघत राहिले. "ह्यो माझ्याच हातचो," एवढंच म्हणाले, आणि चेहरा असा झाला की आता हा माणूस कोसळेल असं वाटलं. मी मनात म्हटलं, आता म्हणतील. आता वळतील तिच्याकडे.

ते वळले, भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे. दाणा कचऱ्यात जाऊ नये म्हणून तसबिरीखालच्या ताम्हनात ठेवला, डोळे मिटून हात जोडले. ओठ हलत होते. क्षमा मागत असावेत. निर्मला मॅडम त्यांच्यापासून हातभर अंतरावर पर्स घेऊन उभ्या होत्या.

मी बटण स्वच्छ केलं, झाकण लावलं, पुन्हा पुन्हा दाबून बघितलं, कडेनंसुद्धा. टिक करून आत, टिक करून बाहेर. साहेब खुर्चीत येऊन बसले. टेबलावरचा कागद उचलून परत ठेवला आणि म्हणाले, "निर्मला, झाला ता झाला. उद्या ये नेहमीसारखी."

मॅडम म्हणाल्या, "उद्या नाही, साहेब. लेकीचे दिवस भरलेत. मी उद्या कऱ्हाडला चाललेय."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना नाही म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि दुसरं काही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. पालथा डबा मॅडमनी सुलटा केला, पिशवीत घातला, आणि आम्ही दोघी बाहेर पडलो.

लिफ्टपाशी मी त्यांना विचारलं. मला विचारायलाच हवं होतं. "मॅडम, केलंच नव्हतं, तर कबूल का केलंत?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या, थोड्या लाजल्यासारख्या. म्हणाल्या, "तुम्ही म्हणालात ना, मशीन खोटं बोलत नाही. तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, असेल बाई. हल्ली लेकीच्या काळजीनं झोप नाही, कुणास ठाऊक, आपलंच बोट राहत असेल. घरी मिक्सर लावतानासुद्धा मुलाला म्हणायचे, अरे बघ रे, मी सोडलं का बटण? तो म्हणायचा, सोडलंस गं आई. मला काही पटायचं नाही."

इतक्या वर्षांत कुणाचंही 'तुम्ही शिकलेल्या' हे म्हणणं मला असं लागलं नव्हतं. हाच शब्द ऐकण्यासाठी माझ्या बापानं परांचीवर उभं राहून मला शिकवलं होतं. मी त्यांना म्हटलं, मॅडम, तुमचं बोट कधीच राहिलं नव्हतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या हो हो म्हणाल्या. लहान मूल समजूत घालायला लागलं की आपण म्हणतो तसं.

मी विचारलं, परत येणार का इथे? त्या म्हणाल्या, "येईन. बाळाला बघून येईन. या वयात कुठं जाणार? आणि साहेब वाईट नाहीत हो."

लिफ्ट आली. जुनी, जाळीच्या दाराची. आम्ही आत शिरलो, मी दार ओढलं. बटणं त्यांच्या बाजूला होती, अगदी हाताशी. त्यांनी दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरली, अंग चोरून माझ्यासाठी वाट केली आणि म्हणाल्या, "खालचं तुम्हीच दाबा, मॅडम."